सुलूमावशींचं धावतं अक्षर

छापायच्या आधी सुलूमावशी कागद समोरच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांमध्येच, चिमट्यांनी टांगायच्या. मग जिन्यापाशी येऊन डोळे बारीक करून बघायच्या. तिथून वाचता आलं तरच छपाई. लालबागमधल्या आमच्या चाळीत तळमजल्यावर त्यांचं टायपिंग आणि डिझाइनचं दुकान होतं. गणपती, कबड्डी, बारसं, सभा, सगळ्यांचे कागद तिथूनच निघत. आता त्या देवगडला भावाकडे असतात आणि दुकानांच्या पाट्यांवरून गावाशी भांडतात, असं ऐकते.

त्यांचा एक जाड, तिरका टाइप होता. शिरोरेषा सपाट, खालचे दंड मात्र उजवीकडे झुकलेले. मला तो वाऱ्यावर चाललेल्या मोर्चासारखा दिसायचा. त्या त्याला 'धावतं अक्षर' म्हणत आणि जपून वापरत. कबड्डीच्या सामन्याला, सेलला, सभेच्या हाकेला, तेही एका ओळीपुरतं. एकदा मंडळाच्या पोरांनी कबड्डीच्याच फाइलमध्ये मजकूर बदलून चाळीतल्या अण्णांच्या श्रद्धांजलीचा बॅनर परस्पर छापून आणला. मावशींनी तो उतरवायला लावला. "गेलेल्या माणसाक पळवतास कित्याक रे?" त्यांनी विचारलं, तेव्हा अण्णांची बायकोसुद्धा हसली.

मी पत्रकांवर वाढले. आजोबा गिरणी कामगार. संपाच्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली. चाळीच्या पुनर्विकासाच्या नकाशात व्यायामशाळाच नाही हे कळलं, तेव्हा मी पानभर मजकूर लिहून मावशींकडे गेले. दुपारी आम्हा मुलींचा मल्लखांब त्या व्यायामशाळेतच चालायचा. रविवारी बिल्डरची माणसं सह्या घ्यायला येणार होती. घरोघर एकेकाला गाठून सह्या झाल्या असत्या, तर ती जागा कायमची गेली असती.

अख्खं पत्रक धावत्या अक्षरात हवं, असा माझा हट्ट. प्रत्येक वाक्य पेटलेलं होतं ना.

"सगळीच धावूक लागली तर पुढे कोण आसा ता कसा कळतला गो?"

मी भांडले. त्या चहा पाजत राहिल्या आणि ओळी उडवत राहिल्या. माझा 'भांडवलशाहीचा डाव' मात्र त्यांनी ठेवला, साध्या उभ्या अक्षरात. ते वाचायचं आहे, नुसतं बघायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. वर एकच ओळ जाड तिरकी: सही खाली, सगळ्यांसमोर.

रविवारी माणसं घरातल्या खुर्च्या घेऊन चौकात उतरली. बिल्डरचा इंजिनीअर वर निघाला, तर जिन्याच्या तोंडाशीच अण्णांच्या बायकोने त्याला खुर्ची पुढे केली. बसा, म्हणाली, वर कोणी नाही. त्याने नकाशा उलगडला, व्यायामशाळेचं नंतर बघू म्हणाला. कोणीच सहीला पुढे आलं नाही. शेवटी त्याने कोपऱ्यातल्या एका खोलीवर पेन्सिलीने 'व्यायामशाळा' लिहिलं.

मावशींनी पर्समधून पेन काढून त्याच्यापुढे धरलं.

"ह्यानं लिहा. आणि खाली तुमची सही."

त्याने सही करेपर्यंत एकही खुर्ची हलली नाही.