गुडघ्यापर्यंतचा नमस्कार

गेल्या गुढीपाडव्याला सायखेड्याच्या घरी वडिलांना नमस्कार करायला मी वाकलो आणि त्यांच्या गुडघ्यापाशी अडकलो. मांड्यांच्या मागे कुणीतरी दोर आवळल्यासारखं झालं. हात धोतरावर टेकले ते पुढे जाईनात. शेवटी तेच हात कपाळाला लावले, कण्हलो आणि सरळ झालो.

"गुडघ्याला कोण नमस्कार करतं रे?" वडील म्हणाले.

"अण्णा, पाय आखडलेत. जिममुळं."

हे बोलायला नको होतं. वडील उभा जन्म प्राथमिक शाळेत मास्तर. चुकलेलं उत्तर त्यांना एक वेळ चालतं, पण सबब चालत नाही. "व्यायामानं माणूस वाकायला शिकतो का ताठायला?" असं त्यांनी भिंतीला विचारलं. भिंत गप्प बसली. मग त्यांनी निकाल दिला, "शहराची गुर्मी आहे ही. पुरा वाकशील तेव्हा बोलू." आणि त्या क्षणापासून माझ्याशी बोलणं बंद केलं.

मी एकोणपन्नास वर्षांचा, सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा माणूस. मला गुर्मी करायला फुरसत नाही. चार वर्षं नेमानं जिमला जातो, दंड चांगले झालेत, छातीमुळे शर्टाची बटणं ताणतात. पण वडील ब्याऐंशीचे. त्या वयाच्या माणसानं धरलेला अबोला मला परवडण्यासारखा नव्हता. त्यांचं काही बरंवाईट झालं असतं, तर बापलेकातलं शेवटचं संभाषण गुडघ्यावर संपलं असतं. या विचारानं मला खरोखर झोप लागेना.

अबोला तसा प्रामाणिक होता, पण त्याला स्पीकर होता. गावी भाऊ-वहिनी त्यांच्याजवळ राहतात. मी वहिनीला फोन केला की मागून वडिलांचा आवाज यायचा, "त्याला विचार, नाशकात पाणी येतं का नळाला."

"भावजी, अण्णा विचारत्यात, पाणी येतं का?"

"सांगा, येतं."

"येतं म्हनं, अण्णा."

तिघांनाही तिघांचं सगळं ऐकू येत असे. तरी वहिनीनं एकही निरोप गाळला नाही.

जिम गंगापूर रोडला, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. खाली जिलेबी तळतात, वर लोक ती जिरवतात. तिथली ट्रेनर निफाडकडची पोरगी, एके काळी मातीत कुस्त्या खेळलेली. मला पहिल्या दिवसापासून काका म्हणते. माझी अडचण ऐकून ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "काका, एक बैठक मारून दाखवा."

मी दाखवली.

"ही निम्मी झाली. छाती, दंड, बैठका, तुम्ही सगळं निम्मंच करता. वजन लय घेता आन् निम्म्यातून परत येता. मंग अंगालाबी तेवढंच ठाऊक. त्याचा काय दोष?"

चार वर्षांच्या घामाची अशी वासलात लावून तिनं माझं वजन काढून घेतलं. हातात दोन लहान डंबेल दिले. गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, कमरेतून सावकाश खाली, जिथं ताण बसेल तिथं थांबायचं, श्वास सोडायचा आणि मग वर. खाली जाताना घाई करायची नाही, कारण ताकद आणि लवचिकपणा दोन्ही तिथंच मिळतात, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं नाही, पण विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

कुठवर जायचं हे कळावं म्हणून तिनं एक खूण ठेवली. माझ्याच जुन्या कोल्हापुरी चपला. "अण्णांचे पाय समजा. डंबेल त्यांना टेकले की पास."

इथून पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही.

रोज सकाळी सहा वाजता एक जाडसर गृहस्थ आरशासमोर मांडलेल्या चपलांपुढे गंभीर चेहऱ्यानं सावकाश वाकतो, डोळे मिटून थांबतो आणि उठतो, हे पाहून पंधरा दिवसांत एका नव्या मेंबरनं व्यायामाआधी चपलांना हात लावून कपाळाला लावला. मला वाटलं चेष्टा करतोय. तसं नव्हतं. त्या आठवड्यात त्यानं आजवर न उचललेलं वजन उचललं. मग बाकीच्यांनीही जोखीम घेतली नाही. श्रावणात चपलांखाली पाट आला. गणपतीत त्यांच्यावर जास्वंद दिसू लागलं. एका सकाळी मी डंबेल घेऊन गेलो तर भिंतीवर पाटी होती: 'कृपया पादुकांना वजन टेकवू नये.'

मी मालकाला गाठलं. "अहो, त्या माझ्या चपला आहेत. बोहारणीलाही नको झाल्या होत्या."

"तुमच्या असतील, काका," मालक हात जोडून म्हणाला, "पण श्रद्धा आमची आहे."

ट्रेनरनं माझ्यासाठी प्रोटीनच्या डब्यांची दोन झाकणं जमिनीवर ठेवली. मी म्हणालो, लिंबं चालतील की. ती म्हणाली, "लिंबं ठेवली तर उद्यापासून कुणी यायचं नाय."

दर महिन्याला मी सायखेड्याला जाऊन परीक्षा देत होतो. वडील खुर्चीत ताठ बसत, वहिनी बाजूला उभी राहून माझी बोटं कुठवर पोचली ते बघे. मे महिन्यात गुडघ्याखाली चार बोटं. जुलैत नडगीच्या मध्यावर. भाद्रपदात वहिनी आनंदानं ओरडली, "अण्णा, वीतभरच राह्यलं!" वडील तिला म्हणाले, "त्याला सांग, वीत म्हणजे वीत असते." मी घरी परतताना बायकोवर विनाकारण चिडलो. ती म्हणाली, "अहो, खुर्ची उंच करून द्या की त्यांना." मला राग आला. खरं तर तो उपाय मला आधी सुचला होता, याचाच जास्त आला.

दसऱ्याला सकाळी जिममध्ये शस्त्रपूजा होती. आमच्याकडे औतं, तराजू, गाड्या पुजतात, तसे इथे डंबेल आणि बार पुजले. सगळ्यांना झेंडूच्या माळा. मधोमध पाटावर माझ्या चपला, हळदीकुंकू लावून. सगळ्यात जुना भक्त म्हणून पहिला मान मला दिला गेला. तासभर व्यायाम करून अंग तापलं होतं. मागे वीस-पंचवीस लोक हात जोडून उभे. नाही म्हणायची सोय नव्हती. मी कमरेतून वाकलो, ताण आला तिथं थांबलो, श्वास सोडला, आणखी खाली गेलो, आणि बोटं चपलांना लागली. चांगली पुरी लागली. कैक वर्षांतला माझा पहिला पूर्ण नमस्कार मी माझ्याच चपलांना केला.

ट्रेनर टाळ्या वाजवत ओरडली, "काका, अंग गरम हाय तवर जा! थांबू नका!"

अंघोळही न करता तसाच निघालो. बायकोला घेतलं, तिनं वाटेत आपट्याची पानं घेतली. पण गाडीत बसून पाय पुन्हा आखडतील ही भीती. म्हणून चांदोरीजवळ थांबून रस्त्याकडेला दहा वेळा वाकून घेतलं. समोर कुणाचा तरी माळा घातलेला ट्रॅक्टर उभा होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. ट्रॅक्टरच्या मालकाच्या लक्षात आलं. त्यानं भारावून मला पेढा दिला आणि बायकोला नारळाचा तुकडा.

घरी वडील अंगणात खुर्चीवर बसले होते, नवं धोतर, टोपी. मी पानं त्यांच्या हातात दिली आणि वाकलो. गुडघा गेला. नडगी गेली. वीत गेली. बोटं त्यांच्या पायांवर टेकली. वहिनी ओरडली, "टेकली! अण्णा, टेकली!"

आजवर मी वाकायचो ते दुखण्यानं डोळे घट्ट मिटून. त्या दिवशी दुखलं नाही, म्हणून डोळे उघडे होते. आणि इतक्या जवळून मी वडिलांचे पाय पाहिले.

नखं वाढून वाकडी झाली होती. अंगठ्याचं नख शेजारच्या बोटात रुतलं होतं आणि तिथलं रक्त वाळून काळं पडलं होतं. एका टाचेला भेग, तिच्यात माती. रोज सकाळी घरातलं कुणी ना कुणी या पायांना हात लावत होतं. मीही दर महिन्याला येत होतो. पाय सगळ्यांनाच दिसले असतील, लक्ष कुणाचंच गेलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की उठवेना.

"झालं ना? ऊठ आता," वडील म्हणाले. सहा महिन्यांनी थेट माझ्याशी.

"अण्णा, ही नखं..."

त्यांनी पाय खुर्चीखाली ओढायचा प्रयत्न केला. तो नीट ओढलाही गेला नाही. मग वहिनीकडे एकदा बघून, माझ्यापुरत्या आवाजात म्हणाले, "हात पोचत नाही रे."

"वहिनीला सांगायचं. भाऊला सांगायचं."

"पाय पुढं करून नखं कापा म्हणू? लेकीसारख्या सुनेला?"

मी वहिनीकडे कोमट पाणी मागितलं. सणाचे अण्णांचे पाय धुवायचेत, म्हणालो. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. बायकोच्या पर्समध्ये नेलकटर होता. तिनं तो माझ्या हातात दिला आणि वहिनीला बोलत बोलत आत घेऊन गेली. मी उकिडवा बसलो, त्यांचा पाय माझ्या मांडीवर घेतला. नखं दगडासारखी होती, पाण्यात बराच वेळ भिजवावी लागली. रुतलेलं नख काढताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं.

दुसऱ्या पायाची शेवटची दोन बोटं राहिली असताना त्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात येशील?"

ज्या आवाजात मी लहानपणी त्यांना सहलीचे पैसे मागायचो, तसा आवाज होता तो. मी येईन म्हणालो. मान खालीच ठेवली आणि उरलेली दोन नखं फार सावकाश कापली.