फोटोच्या मागची बाटली

डॉक्टर गेल्याचं कळलं तेव्हा मी हर्सूलला बहिणीकडं होते. त्यांच्या सूनबाईंचा फोन आला, "ताई, बाबा गेले." त्यांच्या घरी स्वयंपाक करण्यात माझी अर्धी हयात गेली.

डॉक्टर एक मासिक काढायचे, डॉक्टर लोकांनी वाचायचं. जुने अंक मला मांडणीवर अंथरायला द्यायचे. शेजारणींच्या मांडणीवर रंगीत चित्रं, माझ्या मांडणीवर नुसती बारीक अक्षरं. एकदा मी म्हटलं, तुमचे कागद लई सुने दिसतात. हसून म्हणाले, "सुने असू द्या ताई, खोटे नाहीत."

एका कंपनीचा माणूस गुडघेदुखीच्या बाटलीची जाहिरात घेऊन यायचा. मी चहा ठेवून दाराआड थांबायचे. ही जाहिरात घेतली तर मासिकाला वर्षभर कसली चिंता नाही, असं तो गोड बोलून सांगायचा. डॉक्टरांचं एकच विचारणं असायचं. ज्यांना बाटली दिली आणि ज्यांना नुसतं गोड पाणी दिलं, त्यांच्यात फरक काय पडला ते दाखवा. ते त्याच्याकडं कधीच नसायचं. शेवटी तो चिडला, "साहेब, सगळेच छापतात." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आमचं वाचून डॉक्टर औषध लिहितात. आम्ही खोटं छापलं तर ते पेशंटच्या पोटात जातं."

माझेही गुडघे दुखायचे. ती बाटली मीही मागून पाहिली होती, त्यांनी दिली नाही.

ते गेल्यावर काही आठवड्यांनी मी मुकुंदवाडीला आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी तीच बाटली लिहून दिली. मी धीर करून म्हटलं, आमचे डॉक्टर ही नको म्हणायचे. त्यांनी मासिकच पुढं टाकलं, "त्यांच्याच मासिकात आलीय की, मावशी." श्रद्धांजलीचा अंक होता. पहिल्या पानावर डॉक्टरांचा फोटो, खाली त्यांच्या सचोटीचं कौतुक. पान उलटलं तर मागं ती बाटली, पानभर. अंकावरची तारीख तेराव्याच्या आधीची. डॉक्टरांच्या जागी आलेल्या नव्या संपादकांना तेवढाही दम निघाला नाही... मला किळस आली. जिवंतपणी ज्या बाटलीला त्यांनी उंबऱ्याआत घेतलं नाही, ती मेल्यावर त्यांच्या पाठीला चिकटवली, आणि आता त्यांच्याच नावानं ती खपणार.

सूनबाईंनी तो अंक मलाही दिला. फोटो कापून भिंतीला लावावा म्हणून मी कात्री घेतली. पान उजेडात धरलं तर त्यांच्या कपाळावर मागच्या बाटलीची सावली उमटलेली. कात्री ठेवून दिली.

दिवाळीला मांडणीचे कागद बदलायचे असतात. यंदा जुनेच झटकले आणि पुन्हा अंथरले.