माळावरच्या थडग्यावर एक जास्तीचा दगड

काकांनी नागपूरला बोलावलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. दादा जाऊन चार महिने झाले होते. लालबागच्या खोलीत आईला एकटीला सोडवेना. शेवटी आईनेच माझी वळकटी बांधली.

शाळेत जाण्याआधी मला घरी अक्षरं गिरवायला दादाने शिकवलं. गिरणीतली पहिली पाळी संपवून तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेला आणि गोळी लागून मेला. सरकारी कागदात त्याची नोंद ‘एक दंगेखोर इसम’ एवढीच.

नागपूरहून पुढे माळावरची पुरातन थडगी बघायला काकांबरोबर टांगा केला. जाणाऱ्यांनी पाणी घरूनच न्यावं आणि टांगा परतीपर्यंत थांबवून ठेवावा. माळावर ना झाड, ना दुकान. काकूने दिलेली भाकरी आणि ठेचा आम्ही भर उन्हात खाल्ला.

मोठ्या धोंड्यांचं वर्तुळ आणि आत दगडगोट्यांचा ढीग. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या मेलेल्या माणसावर रचलेला. आमच्या कोकणात घाट चढणारा प्रत्येकजण खिंडीतल्या ढिगावर एक दगड ठेवतो. मीही तसाच बाजूचा एक दगड उचलून ढिगावर ठेवला.

पुराणवस्तू खात्याचा राखणदार धावत आला. “हे मोजलेले दगड हायेत बाई. साहेबानं नकाशात काढले. उचला तुमचा.”

काका म्हणाले, उचल गं, इथेही मुंबईचं आंदोलन करतेस का! राखणदाराला हसू आलं. “मुंबई तुमची तुम्ही घ्या, दगड आमचे राहू द्या.”

त्याचं बरोबर होतं. उद्या कुणी अभ्यासक माझ्या दगडाने फसला असता. एरवी मी चारदा माफी मागून तो उचलला असता.

“माझ्या भावासाठी ठेवलाय,” मी म्हटलं. “उचलणार नाही. वही द्या.”

पाहुण्यांच्या वहीत मी सगळं लिहिलं: दगड काळसर, नारळाएवढा, पूर्वेच्या कडेला, आज मी ठेवला. खाली नाव, चाळ, खोली. पत्ता नीट उमटला नाही, म्हणून पुन्हा लिहिला. राखणदाराने भाऊ कसा गेला ते विचारलं. मी सांगितलं. वही मिटून म्हणाला, साहेबाला कळवावं लागेल. कळवा, म्हटलं.

लालबागला परतल्यावर पंधरा दिवसांनी खात्याचा खाकी लिफाफा आला. संरक्षित जागी दगड का ठेवला, याचा लेखी खुलासा करावा. आई पीठ मळत होती. तिने विचारलं, हा खुलासा ते जपून ठेवतात का? फाईलला लावतात, मी म्हटलं.

“मग त्याचं पूर्ण नाव लिही. बापाचंही. गिरणीत साच्यावर कापड विणायचा ते लिही, आणि तुला अक्षरं शिकवली तेही.”

सगळं लिहिलं. खाली लिहिलं, दगड काढणार नाही. रजिस्टर टपालाने पाठवलं. पोच आली आहे.