बोटं उचलतानाचा आवाज

माझी धाकटी नणंद हार्पसिकॉर्ड वाजवायची. दिसायला पियानोचा भाऊच, पण आत हातोड्या नाहीत. पट्टी दाबली की पिसाची काडी तार छेडते. कितीही जोर लावा, आवाज तेवढाच. माझे यजमान, म्हणजे तिचा दादा, होते तोवर म्हणायचे, "हिचं आणि त्या पेटाऱ्याचं बरं जमतं. दोघंही कुणाच्या दाबाला भीक घालत नाहीत."

हात असा फिरायचा की जुन्या रचना वाजवत राहिली असती, तर नाव निघालं असतं. पण तिला ध्यास आजच्या संगीतकारांचा. "मेलेल्यांना वाजवायला सगळं जग आहे, वहिनी. जिवंतांना कोण?" मध्यांतरात लोक कोट उचलून निघून जात.

एका संगीतकाराने खास तिच्यासाठी एक रचना केली. शेवटी सगळी बोटं पट्ट्यांवर दाबून ठेवायची, स्वर विरू द्यायचा, मग एकेक बोट उचलायचं. पट्टी सुटली की काडी तारेला घासून खाली बसते. रेशमावर नख ओढावं इतकाच आवाज. तोच शेवट. पण स्वर विरला की टाळ्या पडायच्याच. घरी आल्यावर ती बूट काढताना म्हणायची, "आजही कुणी ऐकला नाही."

शेवटच्या आजारपणात म्हणाली, "एकदा तरी भरल्या सभागृहाने तो ऐकावा. मी नसले तरी चालेल."

परवा तिच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. तिच्या विद्यार्थिनीने तीच रचना बसवली होती. मी दारातच उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला बजावलं, "शेवटी टाळ्यांची घाई नको हं."

"नाही हो आजी, तोंडावर बोट, हाताची घडी!" एकजण म्हणाला.

संगीतकारही आले, काठी टेकत, कानात यंत्र लावून. त्यांना काय बजावायचं? रचना त्यांचीच.

स्वर विरला. सभागृह खरोखर गप्प राहिलं, कुणी खोकलंसुद्धा नाही. विद्यार्थिनीने पहिलं बोट उचललं. मी पुढे झुकले. तेवढ्यात माझ्या शेजारी संगीतकारांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. डोळे भरून आलेले. त्यांच्या कानांपुरतं सगळं संपलं होतं. खुद्द तेच वाजवतायत म्हटल्यावर सभागृह उठून उभं राहिलं. त्या कडकडाटात ती पोर मान खाली घालून एकेक बोट उचलत होती.

संगीतकार माझ्याकडे वळले. "शेवट चांगला झाला ना?"

"चांगला झाला," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

मला तेच पुन्हा ओरडून सांगावं लागलं.