कम्प्युटरचे नखरे काढणारा शेखर

अकोल्यात कम्प्युटर दुरुस्त करणारे पायलीला पन्नास मिळतात. जठारपेठेतला शेखर त्यांतला नव्हे. बिघडलेल्या डब्याला तो हात लावत नाही. डबा धडधाकट असूनही माणसाच्या डोक्यात जातो, तेव्हा शेखरला बोलावणं येतं. खिडकी जरा कडेला सरकवली की ती सगळा पडदाच बळकावते. खालची पट्टी उठून बाजूला जाऊन बसते. मन लावून काही टाइप करावं, तर कोपऱ्यातून वर्दी येते की आज हवा ढगाळ आहे. गोष्टी एवढ्याशाच, पण त्यांच्यापायी भिंतीवर आपटलेले कीबोर्ड आणि मधोमध बुक्की बसलेले पडदे शेखरने ढिगाने पाहिलेत. पुण्याचा माणूस म्हणे तक्रार लिहून पाठवतो. आमचा वऱ्हाडी आधी हाणतो.

शेखर स्वतःही काही गरीब गाय नव्हता. कॉलेजात असताना, पडद्यावर मांडलेली चित्रं आपोआप जागा बदलतात म्हणून त्याने कीबोर्ड गुडघ्यावर मोडला होता. बापाने, देवीदासने, त्यातलाच अर्धा तुकडा घेऊन त्याला पाठ काळीनिळी होईस्तोवर बदडला. मग पालथं पडल्या पडल्या त्याने ती चित्रं एका जागी कशी खिळवायची ते शोधून काढलं. धंद्याची सुरुवात ही अशी. रागीट माणसाचं दुखणं रागीट माणसालाच कळतं.

त्याच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात तापट म्हणजे भाजीबाजारातले अडते गोवर्धनकाका. त्यांचा एकुलता एक विपुल गेल्या वर्षी मोटरसायकलसकट ट्रकखाली गेला. विपुल भाजीची हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचा, आणि अशी पुकारायचा की घेणारा दोन पोती वांगी जास्तीच उचलायचा. त्याचे ते पुकारे त्याने हौसेने भरून घरच्या कम्प्युटरवर ठेवले होते. मोबाइल तर त्याच्याबरोबरच चिरडला गेला. पोराचा आवाज उरला तो या डब्यात, दुसरीकडे कुठेच नाही. काका रोज बाजाराला निघण्याआधी तो ऐकत, आणि डब्याने काही आगाऊपणा केला की त्याच्यावर हात टाकत.

एकदा जुनं काहीतरी काढून टाकताना डबा अडवतो म्हणून त्यांनी शेखरला असंच तडकाफडकी बोलावलं.

"हा मले परत परत इचारते, खरंच काढून टाकू का म्हनून. कावून इचारते? मी सांगतलं ना याले एकदा!"

शेखरला हसू आलं नाही. बाजारात एकदा बोली तुटली, की सौदा पक्का. त्यावर 'पक्कं का?' म्हणणं म्हणजे समोरच्याला खोटारडा ठरवणं. एवढ्यावरून तराजूच्या दांडीने डोकी फुटलेली आहेत.

"काका, तो तुमच्या भल्यासाठीच इचारून राहिला. आन् काढलेलं काही दिवस या पडद्यावरच्या टोपलीत तरी राहू द्या."

"सडकी भाजी मी घरात जमा करत असतो का बे? फेकलं ते फेकलं. बंद कर त्याचं थोबाड!"

शेखरने विचारणं बंद केलं, टोपलीही बंद केली. गिऱ्हाईक खूश झालं आणि तोही खुशीत घरी आला.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी काकांनी विपुलच्या नावाच्या कप्प्यावर माउस टेकवला, तेवढ्यात कोपऱ्यातून कसलीशी वर्दी उपटली. काकांनी कीबोर्डवर बुक्की हाणली. नेमकं काढून टाकायचं बटन दबलं. डब्याने काहीही विचारलं नाही. विपुल पडद्यावरून गेला.

निरोप मिळताच शेखर धावत आला, तेव्हा दारातच त्याच्या कानाखाली बसली. दुसरी बसली तेव्हा ओठ फाटला.

"माहं पोरगं दुसऱ्यांदा मारलं तू!"

"काका, परत निघते तो आवाज! काढलेलं आत तसंच असते, फक्त त्या जागी दुसरं काही भरू देऊ नका, डब्याले हात लावू नका!"

पण काका कानाने ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. कोपऱ्यात पडलेलं तराजूचं लोखंडी माप त्यांनी उचललं आणि थेट डब्याकडे वळले. तो फुटला असता तर आवाज कायमचा गेला असता. शेखर डब्यावर आडवा पडला. माप त्याच्या उजव्या मनगटावर उतरलं आणि हाड मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरात काकांच्या बायकोला, पार्बताबाईंनाही ऐकू गेला. मोडल्या हाताने कण्हत असतानाही त्याने डाव्या हाताने आधी प्लग ओढून काढला.

दवाखान्यात प्लास्टर घालून घेताना शेखर काकांना शिव्या घालत होता. पोलिसात जायचं त्याने पक्कं केलं होतं. पार्बताबाई बाकावर शेजारी येऊन बसल्या.

"पोलिसात जायचं तं जाय, बापू. मी आडवी येत नाही. पन आंधी माह्या पोराचा आवाज काढून दे."

त्यांना नाही म्हणणं शेखरला जमलं नाही. डब्याचं तोंड बंद करून दिलं होतं ते त्यानेच.

त्याच संध्याकाळी तो काकांच्या घरी डब्यापुढे बसला. उजवा हात गळ्यात बांधलेला, त्यामुळे माउस काकांनी धरला. शेखर शेजारी बसून सांगू लागला, "हळू, काका. दाबू नका, नुसतं टेकवा." ज्या हाताने मनगट मोडलं तोच हात आता टेबलावर हळूहळू सरकत होता. एकेक पुकारा वर येऊ लागला. सांभार म्हणजे कोथिंबीर, मग मेथी, वांगी. पार्बताबाईंनी पदर तोंडात कोंबला.

सगळ्यात खाली एक बिननावाचं रेकॉर्डिंग निघालं. काकांनी तेही लावलं.

सुरुवातीला विपुल गुणगुणत होता. मग दार आपटल्याचा आवाज आला आणि काकांचाच आवाज, "धंदा सोडून हे काय चालवलं बे?" फटका बसला. पाठोपाठ दुसरा. काहीतरी खाली पडलं. "बाबा, नका ना, बाबा," असं पोरगं ओरडत राहिलं, आणि पट्टा चालत राहिला. काकांना ते थांबवायचं बटन सापडेना.

ते आपोआप थांबल्यावर काकांनी विचारलं. "हे त्यानं जपून ठेवलं होतं?"

"नाही, काका. हे त्यानं कधीचंच काढून टाकलं होतं. आपनच आज वर आनलं."

काकांचा हात उठला. शेखरने प्लास्टर छातीशी ओढून घेतलं. पण हात काकांच्याच तोंडावर पडला, आणि मग पडतच राहिला. पार्बताबाई जागच्या हलल्या नाहीत. शेखरने उठून डाव्या हाताने काकांचं मनगट धरलं, पण एका हाताला ते आवरेनात.