दर चित्रामागे एकदा

बेटम्याला राठौरजींच्या गोदामात आमचं पहिलं मशीन सुरू होतं आणि काळे दाणे चांगल्या सोयाबीनमध्येच पडत होते. दाणे वरून घसरत येतात, कॅमेरा चित्र घेतो, प्रोग्रॅम खराब दाणा ओळखतो आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. आमचा झोत उशिरा सुटत होता. राठौरजींनी स्वच्छ सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर मशीन परत. ते परत आलं असतं तर आमची लहानशी कंपनी बंदच पडली असती.

मी कंपायलरने तयार केलेला कोड उघडला. कंपायलर आपला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो. किती गडद म्हणजे खराब, ही मर्यादा आमचा कोड चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी मेमरीतून नव्याने आणत होता. ईरा, तुझ्या या आजीने दर पोळीला पिठासाठी कोठीच्या खोलीत जावं, तसं. कंपायलरचा दोष नव्हता. प्रत्येक ठिपक्याचा निकाल आपण मेमरीतच लिहितो. त्यात मर्यादाच बदलली गेली असेल तर? या शंकेने तो दरवेळी खात्री करून घेतो. आकडा लोकल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे फक्त त्या कामापुरत्या वेगळ्या जागेत, घेतला की शंका मिटते. मग तो रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी राहतो.

आमचे बॉस देव म्हणाले, "ताई, मशीन चालू होताना एकदाच वाचून घ्या ना. बस, झंझटच नको."

मला ते फारसं पटलं नाही, पण वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून तसंच केलं. झोत वेळेवर सुटू लागला. देवांनी चहा सांगितला.

मग दुसऱ्या शेतातली पोती उघडली. हा माल जरा सावळा होता. मशीन चांगलेच दाणे बाहेर फेकू लागलं. राठौरजींनी मर्यादेचं बटण फिरवलं, पुन्हा फिरवलं. काही फरक नाही.

"मैडमजी, ये तो हमारे जमाई पे गई है," ते म्हणाले. "सुबह जो सुन लिया, दिन भर वही पकड़ के बैठी है."

मी मर्यादा वाचणारी ती एक ओळ उचलून प्रत्येक चित्राच्या फेरीत आणली. आता मर्यादा दर ठिपक्याला नाही, दिवसातून एकदाच असंही नाही, तर दर चित्रामागे एकदा वाचली जाणार होती. झोत वेळेवर सुटला आणि बटणही चालू लागलं. मशीन बेटम्यालाच राहिलं.

दर रविवारी फोनवर मी कसे आहात विचारलं की तुम्ही नातवंडं म्हणता, "आजी, मागच्या आठवड्यात सांगितलं ना, आम्ही ठीक आहोत." सांगितलं होतं. पण तो मागच्या आठवड्याचा आकडा झाला.