दत्तूची कार्डं

‘पत्ते’ हा शब्द ऐकला की दत्तूचं टाळकं सटकायचं. मखमलाबादच्या गल्लीत त्याची ओळखच तशी होती. सातपूरच्या कारखान्यात प्रेसवर असतो ना, तो पत्तेवाला. आता पत्तेवाला म्हटल्यावर ऐकणाऱ्याला काय वाटणार? तीन पत्ती. दत्तूनं जन्मात कधी बदाम-किलवर हातात धरलं नव्हतं. तरी निफाडच्या ललिताचं स्थळ आलं तेव्हा तिच्या मामानं दोनदा चौकशी केली, मुलगा जुगारी आहे म्हणतात ते खरं का. मामाच्या कानावर हे घातलं कोणी? दत्तूच्या सख्ख्या चुलत्यानं.

भानगड एवढीच, की अठ्ठ्याण्णव साली कारखान्यात मशीन बसवायला जपानहून ओकादा नावाचे इंजिनिअर आले. त्यांच्या बॅगेत तिकडच्या एका खेळाची, चित्रविचित्र प्राण्यांची चित्रं असलेली कार्डं असायची. बाकीचे कामगार हसले. दत्तूनं विचारलं, यावर लिहिलंय काय? तेवढ्यावर दोघांचं जमलं. ओकादा परत गेले, पण दर नव्या वर्षाला त्यांचं पाकीट यायचं. त्यातली कार्डं दुकानात मिळणारी नव्हती. एखादं मासिकाबरोबर वाटलेलं, एखादं सिनेमाच्या तिकिटावर दिलेलं. आणि एक स्पर्धेतल्या बक्षिसाचं. ते ओकादांनी स्वतः जिंकलेलं होतं, आणि त्या वर्षी ते मोजून बारा जणांना मिळालं होतं.

दत्तू साबणानं हात धुऊन, कोरडे करून मगच त्यांना हात लावायचा. आई चिमणाबाई म्हणायची, “देवाला हात धुईत नाय, अन् या भुतांना धुतो.” भाऊ तर पाहुण्यांपुढं नक्कल करून दाखवायचा. दत्तू आतल्या आत धुमसायचा. याच भावानं क्रिकेटवाल्यांच्या चित्रांनी भिंत भरून टाकली होती. तो हौशी आणि दत्तू खुळा, हा कुठला न्याय?

दोन हजार पाच साली कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत त्याला असली कार्डं जमवणाऱ्यांचा एक गट सापडला. पुढच्या रविवारी ते सगळे दादरला एका हॉलमध्ये भेटणार होते. दत्तूनं बक्षिसाच्या कार्डाबद्दल लिहिलं. दोन दिवसांत एकोणीस उत्तरं आली. खरंच आहे? घेऊन याच. बंगळुरूचा एक जण केवळ ते कार्ड बघायला येणार होता. सात वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला शहाणा समजत होतं. ती उत्तरं छापून आणून त्यानं बायकोला, ललिताला, मराठीत करून वाचून दाखवली. ती मन लावून ऐकत होती.

शनिवारी तो कामावरून आला, तर दादरला न्यायला त्यानं कपाटातून काढून ठेवलेलं बक्षिसाचं कार्ड ललितानं हसत पुढं धरलं. लॅमिनेट केलेलं. कडा नीट दिसाव्यात म्हणून झेरॉक्सवाल्यानं कार्डाचे कोपरेही गोल कापून दिले होते.

दत्तूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ते प्लास्टिक आता निघणार नव्हतं, आणि ओढलं तर चित्रासकट निघालं असतं. “इतकी वर्षं घरचे सगळे हसलात तेच बरं होतं,” तो ओरडला. “निदान हात तरी लावत नव्हतात.”

“मी कधी हसले?” ललिताचा आवाजही चढला. “माझी दहावीची मार्कशीट लॅमिनेट केलेली हाय. माझ्या दादांचा एकच फोटो, तोबी केला. जे हरवलं तर परत मिळायचं नाय, तेच मी करून घेते. आज तुमचं केलं. लग्नाच्या पाच वर्षांत तुम्ही कपाटाला कुलूप घातलं, पण ते जपायचं कसं, हे मला एकदा तरी सांगितलं का?”

तिचं खरं होतं, याचाच दत्तूला जास्त राग आला. तो तसाच बाहेर पडला. सायबर कॅफेत जाऊन त्यानं गटाला घडलं तसं कळवलं. बंगळुरूवाल्याचं उत्तर लगेच आलं. असल्या अडाणी बाईच्या हाती असली चीज ठेवतातच कशाला?

दत्तूनं ते दोनदा वाचलं. ‘अडाणी’ हा शब्द त्याला झोंबला. मग मोडक्या इंग्रजीत, एकेक अक्षर शोधत त्यानं लिहिलं, “माझ्या बायकोनं ते जपून ठेवलंय. मी उद्या येणार नाही.”